झुल्माच्या बोटीचं ओलं डांबर

उत्तर फ्रान्सच्या आमच्या कालव्यांवरच्या पोलादी मालबोटी म्हणजे एका साच्यातल्या विटा. पाणी भरून-सोडून बोट वरखाली करायला लॉक असतात, दोन दारांमधल्या दगडी कुंड्याच. सरकारने त्या सगळीकडे एकाच मापाच्या बांधल्या, म्हणून बोटीही त्याच मापाच्या, दोन्ही अंगांना जेमतेम चार बोटं मोकळी. लाकूड गेलं, लोखंड आलं, घोड्याच्या जागी इंजिन आलं, माप मात्र हललं नाही. लोखंड तरंगतं म्हणणाऱ्याला मुलगी देऊ नये, असं माझा आजा म्हणायचा. तो लाकडी बोटीसकट बुडाला, ही गोष्ट वेगळी.

झुल्मा अशाच बोटीवर जन्मली, वाढली, लग्नानंतर दुसऱ्या तसल्याच बोटीवर गेली. सुकाणू कायम तिच्या हातात. नवरा फिर्माँ पुढे दोर फेकायला आणि शिव्या खायला. तो वारला, तेव्हा बोटवाल्यांच्या सभेत वाद निघाला. माल नंबराने मिळतो. त्यात बाईचा नंबर लावायचा का? नंबर नाही तर माल नाही, मग बोट भंगारात आणि झुल्मा रस्त्यावर.

आमचा अध्यक्ष एक्तोर, पोटाने लॉकमध्ये अडकेल असा, म्हणाला की एकटी बाई बोट आदळून लॉकच्या भिंती पाडेल. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एक नंबर कटला की मागचे पुढे सरकतात, एवढं गणित दारू प्यालेल्यालाही येतं.

रविवारी चर्चमधून सगळे शिरस्त्याप्रमाणे लॉककाठच्या गुत्त्यावर आले, तर झुल्माची रिकामी बोट काळीकुळकुळीत चमकत होती. दोन्ही कुशींना तिने ओलं डांबर फासलं होतं. भिंतीला लागलं की डाग पडणार, लपवायची सोय नाही. वारा आडवा होता आणि रिकामी बोट वाऱ्याने सरकते. तरी ती एकटीने लॉकमध्ये शिरली. अगदी शेवटी डाव्या भिंतीवर तळहाताएवढा डाग उमटला.

"घासली," एक्तोर खुशीत म्हणाला.

झुल्माने दोर बांधला आणि डांबराची बादली त्याच्या पायाशी आणून ठेवली. "घासली ना? आता तू फास. तुझ्यामागून हे सगळे. ज्याचा डाग माझ्यापेक्षा लहान, त्याने माझं नाव खोडावं."

एक्तोरला वारा फार वाटू लागला. इतरांना घरचं जेवण आठवलं. बादलीला कुणी शिवलं नाही.

सोमवारी एक्तोर नंबर पुकारत होता. "फिर्माँची विधवा."

झुल्मा शेवटच्या बाकावर नखांतलं डांबर काढत बसली होती. त्याने पुन्हा पुकारलं. ती तशीच. मला तिचा भारी अभिमान वाटला.

"झुल्मा देकोनिंक," तो शेवटी पुटपुटला.

"हजर," ती म्हणाली, आणि बेल्जियमला पोचवायचा कोळसा घेऊन गेली.