एका हौदात दोन कासवं

लग्नात मी माहेरून साड्या आणल्या, भांडी आणली आणि एक कासव आणलं. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं, वडिलांनी माशांच्या दुकानातून घेऊन दिलेलं. आलं तेव्हा बिस्किटाएवढं होतं, लग्नापर्यंत बशीएवढं झालं. पाठवणीच्या वेळी मी ते बादलीत घालून मांडीवर घेतलं, तेव्हा रडावं की हसावं हे आईला कळेना. गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनीत ‘कासववाली सून’ म्हणून माझं नाव आधी झालं, पुरणपोळ्यांसाठी बऱ्याच नंतर.

सासरी आधीच एक कासव होतं. त्याच्याकडे बघूनच मी या स्थळाला होकार दिला, असं नवरा अजून चिडवतो. सासऱ्यांचं कासव देशी, मऊ पाठीचं, पाटाचा गाळ काढताना सापडलेलं. अंगणातल्या सिमेंटच्या हौदात, तळाच्या मातीत ते दिवसभर रुतून बसे. सासरे कामावरून आले, की त्यांच्या चपला ऐकून तेवढं नाक वर काढी. असं कासव घरी ठेवायला कायद्याने बंदी आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

माझं कासव मी टबमध्येच ठेवणार होते. पण सासरे चांदवडकडचे, भावाभावांच्या एकत्र घरात वाढलेले. एका घरात दोन चुली ही कल्पनाच त्यांना सोसत नसे, मग दोन पाणवठे कुठून सोसणार? त्यांनी माझं कासव हौदात सोडलं, सासूबाईंनी वरून हळदकुंकू वाहिलं. मला आपली माझ्याच पोराची काळजी. सासऱ्यांच्या म्हाताऱ्या कासवाने ते खाऊन टाकलं तर, म्हणून मी दिवसातून दहादा हौदात डोकावायचे.

झालं उलटंच. माझं कासव म्हणजे गरीब गाय, पोटात पाय. विटेवर चढून ऊन खाताना इतकं साधं दिसे, आणि खाणं पडलं की दुसऱ्याच्या तोंडचाही घास पळवी. एका सकाळी म्हाताऱ्याच्या मागच्या मऊ कडेचा लचकाच तोडलेला दिसला. जखम सुजली, पांढरी पडली. ते खाईना, मातीतही शिरेना. सासऱ्यांनाही जेवण जाईना. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. माझ्या माहेरच्या कासवाने माझं नाक कापलं होतं. म्हातारं गेलं, तर या घरात मी जन्मभर तेवढ्यासाठीच लक्षात राहीन, या भीतीने माझी झोप उडाली.

जनावरांच्या डॉक्टरांनी आम्हाला चांगलंच झापलं. एकाला ऊन हवं, दुसऱ्याला गाळ. त्यात लाल पट्टेवालं जात्याच भांडखोर. एकत्र ठेवलीच कशाला, म्हणाले. लावायला औषध दिलं, पण जगेल असं काही म्हणाले नाहीत. परत येताना सासरे स्कूटर चालवत होते. मी मागे म्हाताऱ्याचं खोकं धरून बसले होते. फाटकाशी उतरल्यावर मी सांगून टाकलं, की माझं कासव मी माहेरी पाठवते. सांगता सांगता मला रडूच फुटलं.

सासऱ्यांनी माझ्या हातातलं खोकं घेतलं. “माहेरी कशाला? भांड्याला भांडं लागलं म्हणून कोणी सून परत धाडतं का? आलं ते आता या घरचं हाय. एका पाण्यात कोंबली मी, चूक माझी हाय.”

मग त्यांनी गवंडी बोलावला आणि जागा म्हणून दाखवला तो आपला गुलाबांचा वाफा. त्यातलं एक फूलही त्यांनी आजवर केसात माळायला तोडू दिलं नव्हतं, हे सासूबाईंनी गवंड्याला दोनदा ऐकवलं. तिथे दुसरा हौद झाला. म्हातारं औषधापाण्यावर हळूहळू सुधारलं. कड अर्धीच राहिली, पण ते मातीत शिरायला लागलं, सासऱ्यांच्या हातून गांडुळं खायला लागलं.

पुढे एकदा शेजारचे काका फाटकावर रेलून सासऱ्यांना विचारत होते, की सुनेचं कासव वेगळं काढलं वाटतं? मी तिथेच झाडांना पाणी घालत होते.

“वेगळं कुठं? कासवं दोन्ही आपलीच,” सासरे म्हणाले. “पाणी तेवढं ज्याचं त्याला दिलं.”

हे घर माझं आहे, असं मला पहिल्यांदा तेव्हा वाटलं.