घासलेली खुंटी

ही गोष्ट मी पंचवीसहून जास्त वर्षं कोणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. कोणी विचारलं असतं तर सांगितली असती, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. पण कोणी विचारू नये याची काळजीही मीच घेत होतो. कारखान्याचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. घरात सगळ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला तहान फार लागते.

आता लिहायला बसलो त्याला कारण जावयाची गाडी. मागच्या दिवाळीला ते विजेवर चालणारी मोटार घेऊन आले. गाडी जुनी, आधी कोणीतरी वापरलेली. आम्ही अंबडकडून परत येताना तिची बॅटरी उतरत आली, म्हणून हायवेवरच्या एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगचं यंत्र होतं तिथे थांबलो. यंत्राचा प्लग हातात घेऊन जावई गाडीच्या तोंडाशी लावून बघतात, तर बसेना. तिथला माणूस म्हणाला, "न्हाई बसायचा साहेब. तुमची गाडी जुन्या जातीची, तिचं तोंड जीबीटीचं. आमच्याकडं सीसीएस-टूच हाय. आता सगळ्या नव्या गाड्यांना हेच येतं."

"दोन्हीत वीजच जाते ना पण?"

"वीजच जाती. पण हे गाडीला आधी विचारून घेतं, किती पाहिजे, किती सोसती. मंगच करंट सोडतं. तुमची गाडी त्याच्याशी बोलायचीच न्हाई."

जावई माझ्याकडे वळून हसले. "मामा, तुम्ही सगळी नोकरी मेंटेनन्समधे काढली. ही कड जराशी घासली तर बसंल का?"

"घासायचं न्हाई," मी म्हणालो. माझा आवाज इतका चढला की हॉटेलातली माणसं बघायला लागली. जावई थट्टा करत होते, हे मला कळत होतं. शेवटी हॉटेलवाल्याने साध्या सॉकेटवर गाडी लावू दिली. आम्ही साडेतीन तास बसलो. मी तेवढा वेळ गाडीकडे पाठ करून बसलो. जावयांना वाटलं, सासऱ्याचा अपमान झाला.

नव्वदच्या दशकात मी जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिक मिस्त्री होतो. बियाणं तिथे चाळून, औषध लावून, पिशव्यांत भरून गोदामात थप्प्या लागायच्या. गोदामात डिझेलचा धूर चालत नसे, म्हणून थप्प्या उचलायला बॅटरीच्या दोन गाड्या होत्या. पुढे दोन लोखंडी हात, मागे ड्रायव्हरची सीट, पोटात बॅटरी. जुनी गाडी चोवीस व्होल्टची, नवी अठ्ठेचाळीसची. प्रत्येकीचा चार्जर वेगळा. जुनीचा चार्जर आठ तास घ्यायचा, नवीचा तीनच. कामगारांनी त्यांची नावं ठेवली होती, सबुरीवाला आणि जल्दीवाला.

दोन्ही चार्जरचे प्लग दिसायला एकसारखे होते. फरक पोटात होता. प्लगच्या आत प्लास्टिकची एक छोटी खुंटी असायची आणि गाडीच्या तोंडात तिच्यासाठी खाच. चोवीसची खुंटी एका जागी, अठ्ठेचाळीसची दुसऱ्या. त्यामुळे एका गाडीचा प्लग दुसरीत जायचाच नाही. अंधारात, घाईत, कोणीही लावला तरी चूक होऊ नये एवढ्यासाठी ती होती.

गाड्या चालवणारा माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान होता. अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातून यायचा, सायकलने फाट्यापर्यंत आणि पुढे टेम्पोने. थप्पी अशी लावायचा की वरून सुतळी सोडली तर सरळ खाली यावी. मला तो मिस्त्री म्हणायचा, मी त्याला ड्रायव्हर. दुपारी डबा एकत्र खायचो. नाव लिहीत नाही. त्याच्या मुली आहेत, आणि हे वाचायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं.

एका मे महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, माल सगळ्यात जोरात बाहेर पडत असताना सबुरीवाला जळला. त्याचं वाइंडिंग पुण्याहून होऊन यायला तीन आठवडे लागणार होते. मॅनेजर साहेब म्हणाले, "मिस्त्री, काहीतरी करा. एका गाडीवर नाही भागायचं."

मी जल्दीवाला उघडून पाहिला. मागच्या बाजूला एक बटन होतं, फिरवायचं. एका बाजूला चोवीस, दुसऱ्या बाजूला अठ्ठेचाळीस. म्हणजे बनवणाऱ्यांनी सोय केलेलीच होती. चोवीसवर ठेवलं तर जुनी गाडी चार्ज होणार होती. अडचण एवढीच, की प्लग बसत नव्हता. योग्य प्लग मागवायचा तर तोही पुण्याहूनच. मी कानस घेतली आणि खुंटी घासून टाकली. दहा मिनिटांचं काम. प्लग दोन्ही गाड्यांत बसायला लागला.

साहेबांनी पाठ थोपटली. सगळ्यांना चहा सांगितला. ड्रायव्हर कप हातात घेऊन प्लग निरखत होता.

"मिस्त्री, तू उद्या बैलगाडीला पण प्लग बसवशील."

"बैलाला तोंड असतंच की."

तो हसला, आणि मग म्हणाला, "पण मला एक सांग. ही खुंटी कशाला होती मंग?"

"तुझ्यासारख्यासाठी. चुकू नये म्हणून."

"अन् आता चुकलो तर?"

"कसं चुकशील? आधी बटन फिरवायचं, मंग लावायचं. जेवायचं विसरतो का कधी?"

बाकीचे हसले. तो नाही हसला. त्या दिवसापासून त्याने एक पद्धत पाडली. चार्जर भिंतीला टेकवलेला, बटन मागे. बघायला अंग चोरून आत शिरावं लागे आणि आकड्यांवर तेल बसलेलं. बहुतेक वेळा बटन मीच फिरवायचो, कारण माझं सामान त्याच खोलीत असे. म्हणून तो प्लग लावण्याआधी दर वेळी मला ओरडून विचारायचा, "मिस्त्री, बटन फिरवलं का?" कधी कधी मी चिडायचो. तो तरी विचारायचाच.

असे दहा-बारा दिवस गेले. एका दुपारी मी चाळणीच्या मोठ्या मशीनखाली आडवा झालो होतो. पट्टा घसरत होता आणि मशीन बंद करायला साहेब तयार नव्हते. ड्रायव्हर जुनी गाडी घेऊन चार्जिंगच्या खोलीपाशी आला. त्याने विचारलं.

मी म्हणालो, "फिरवलंय, लाव."

खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. आदल्या संध्याकाळी मी बटन चोवीसवर केलं होतं, तेच डोक्यात होतं. सकाळी नवी गाडी लावताना मीच ते परत अठ्ठेचाळीसवर नेलं होतं, हे साफ विसरलो. मशीनखालून बाहेर येऊन पाच पावलं चाललो असतो तर दिसलं असतं.

त्याने प्लग लावला आणि डबा खायला गेला. मी पट्टा सोडून उठलो नाही, म्हणून त्या दिवशी तो एकटाच जेवला. तासाभराने आंबट वास यायला लागला. पहिला तो धावला. बॅटरीचं पाणी खदखदत होतं. अशा वेळी आधी मेन स्विच पाडायचा असतो, चालू करंटात प्लग ओढायचा नसतो. हे त्याला माहीत होतं, मीच शिकवलं होतं. पण उकळती बॅटरी समोर बघितल्यावर कोणाचाही हात आधी प्लगकडेच जाईल. ठिणगी उडाली. वर गॅस साचलेला होता. आवाज फार मोठा झाला नाही. बॅटरीची झाकणं उडाली आणि आतलं ॲसिड त्याच्या तोंडावर आलं.

आम्ही त्याच्यावर पाणी ओतत राहिलो. कोणीतरी टेम्पो आणायला पळालं. तेवढ्यात मी चार्जरच्या मागे शिरून बटन बघितलं. तिथून बाहेर आलो तेव्हा मला सगळं माहीत झालेलं होतं. टेम्पोत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो ओरडत नव्हता, फक्त विचारत होता, "पाणी संपलं का? अजून टाक." जालन्याच्या दवाखान्यातून त्याला औरंगाबादला पाठवलं.

चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. उजवा गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याची बायको बाहेर औषधाच्या दुकानात गेली होती. माझा आवाज ऐकून त्याने हात पुढे केला. मी तो धरला.

"मिस्त्री, मी लई विचार करून राह्यलो," तो म्हणाला. "तू 'फिरव, अन् लाव' म्हणला असशील. मला 'फिरवलंय, लाव' ऐकू आलं. मशीनचा आवाज होता ना."

त्याने हे स्वतःहून म्हटलं. मी असं काही सुचवलं नव्हतं. माझ्यावर आळ न येता त्या दुपारचा अर्थ लागावा, म्हणून त्याने पट्टीखाली चार दिवस पडून तो शोधून काढला असावा. मी 'नाही' म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं. मी त्याचा हात दाबला आणि म्हणालो, "तू आता आराम कर."

पुढच्या आठवड्यात हेड ऑफिसचे एक साहेब चौकशीला आले. त्यांनी मला विचारलं, "बटनाबद्दल तुम्ही त्याला काय सांगितलं होतं?"

"फिरव अन् लाव म्हणल्तो," मी म्हणालो.

"मग त्याने फिरवलं नाही."

त्यांनी लिहून घेतलं. खुंटी कोणी घासली, हेही विचारलं. मॅनेजर साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. मी म्हणालो, माहीत नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी शेतीवाल्या घरातला, गावात आडनावाला वजन असलेला. तो गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतला. हा विषय त्या खोलीत कोणी काढला नाही, काढायची गरजही पडली नाही. कागदावर आलं, की चालकाने सूचना पाळली नाही आणि चालू करंटात प्लग ओढला. त्याचीच चूक ठरली, म्हणून दवाखान्याच्या खर्चापलीकडे त्याला काही मिळालं नाही. एका डोळ्याने गाडी चालवता येत नाही म्हणून कामही गेलं. माझा पगार त्या वर्षी वाढला. महिनाभराने पुण्याहून सबुरीवाला दुरुस्त होऊन आला, आणि घासलेल्या प्लगच्या जागी साहेबांनी नवा बसवून घेतला.

त्याच्या गावी मी एकदाच गेलो, दोन हजार सालानंतर, रिटायर झाल्यावर. सगळं सांगायचं असं ठरवूनच गेलो. तो चौकात सायकलींचे पंक्चर काढायचा. मला बघून उठला, घरी नेलं. मुलीला म्हणाला, "हे मिस्त्री. यांनीच मला मांडीवर घेऊन दवाखान्यात नेल्तं." मुलगी माझ्या पाया पडली.

चहा मांडताना त्याच्या बायकोने आतून काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "काय म्हणली? परत सांग." तिने परत सांगितलं. "साखर कमी का?" "कमी." "कमीच ना?"

ती बाहेर येऊन मला म्हणाली, "दादा, कारखान्यातून आले तवापासून हे असंच. कायबी सांगा, दोनदा-तीनदा विचारत्यात. गिऱ्हाईक बी वैतागतं."

"कान तपासून आलो मी," तो म्हणाला. "जालन्याच्या डॉक्टरनी मशीन लावून बघितलं. कान बिलकुल चांगले म्हणतो. मंग त्या दिवशी कसं चुकलं, काय कळत न्हाई."

तो माझ्याकडे बघत होता, एका डोळ्याने. त्यात संशय नव्हता. खरंच विचारत होता तो. माझ्याशिवाय कोणाला विचारणार? तिथे तिसरं कोणी नव्हतंच.

मी म्हणालो, "मशीनचा आवाज लई होता."

"तेच तर," तो म्हणाला, आणि त्याला बरं वाटल्याचं मला दिसलं.

दवाखान्यात मी नुसता गप्प राहिलो होतो. त्या दिवशी त्याच्या घरात बसून, त्याच्या मुलीने दिलेला चहा पीत, मी ते तोंडाने म्हणालो. चौकशीतल्या खोट्यापेक्षा हे मला जड गेलं आणि अजून जातं. त्याचा डोळा मला परत देता आला नसता. पण स्वतःच्या कानावरचा त्याचा विश्वास तेवढा माझ्या हातात होता, आणि तो द्यायला काहीच लागत नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी पुन्हा निघालो. या वेळी वाक्यं पाठ केली होती, एसटीत बसून ओठांतल्या ओठांत म्हणत होतो. चौकात त्याची जागा रिकामी होती. टपरीवाल्याने सांगितलं, पावसाळ्यात ताप आला, चार दिवसांत गेला. मी घरापर्यंत गेलो नाही. मुलगी परत पाया पडली असती. तिथूनच पुढची गाडी धरून परत आलो.

जी वाक्यं घेऊन गेलो होतो ती अशी: खुंटी मी घासली. बटन मी फिरवलं नव्हतं. मी 'फिरवलंय, लाव' असंच म्हणालो होतो. तुला बरोबर ऐकू आलं होतं. मला माफ कर.