अँब्युलन्समधून चढलेला गड

त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा वर्गात बसायची हौस मला कुणी सांगितली होती, हा प्रश्न मी त्या वर्षी रोज सकाळी आरशाला विचारायचे. सुरगाण्याकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात मी परिचारिका. खेड्यातल्या अत्यवस्थ रुग्णांना कसं सांभाळायचं, हे परिचारिकांना शिकवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम नाशिकला सुरू झाला आणि आमच्या डॉक्टरांनी माझं नाव पाठवलं. आनंदाच्या भरात मी सप्तशृंगी आईला मनातल्या मनात नवस बोलून बसले, प्रवेश मिळू दे, गडाच्या पायरी न् पायरीला कुंकू लावत चढेन. प्रवेश मिळाला. कुंकवाची पुडी पर्समध्ये आली आणि तिथेच राहिली. कधी ड्युटी, कधी परीक्षा, कधी गुडघे. आई समजून घेईल, असं म्हणत मी दिवस ढकलत होते.

वर्गातल्या बाकी साऱ्या माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांना वह्या उघडायच्या आधी पाठ व्हायचं, मला चष्मा शोधण्यातच अर्धा तास जायचा. तरी ते निभलं असतं. माझं घोडं अडलं ते अँबू बॅगेवर. श्वास बंद पडलेल्या माणसाला हाताने दाबून हवा द्यायची ती रबरी पिशवी. वीस वर्षं हाताळलेली वस्तू! पण मॅडमनी सरावाच्या पुतळ्यावर ती दाबायला लावली, घड्याळ लावलं आणि माझं पितळ उघडं पडलं. "पाच-सहा सेकंदांना एकदा, सिस्टर. पेशंटला श्वास देताय की सायकलमध्ये हवा भरताय?" वर्ग हसला, मीही हसले. मग त्या जवळ येऊन म्हणाल्या, "दाबता छान हो. सोडत नाही. आत गेलेली हवा बाहेर यायला वेळ नको का?" डोक्याला कळायचं, हात ऐकायचा नाही. त्या प्रात्यक्षिकात मी दोनदा नापास झाले. तिसरी संधी शेवटची. मी अभ्यासक्रम सोडत असल्याचा अर्ज लिहिला आणि पर्समध्ये कुंकवाच्या पुडीशेजारी ठेवला. खरं सांगते, मला वाटलं, आई रुसली. नवस तसाच ठेवून आता तिच्याकडे काही मागायचं तरी कोणत्या तोंडानं?

त्या महिन्यात प्रशिक्षणाचा भाग म्हणून मला माझ्याच रुग्णालयात पाठवलं होतं. एका सकाळी सातला जीपमधून सुमनला आणलं. बावीस वर्षांची पोर, भुईवर झोपलेली असताना पहाटे मण्यार चावली होती. पापण्या मिटलेल्या, श्वास जेमतेम. डॉक्टरांनी विषावरचं औषध दिलं, घशात नळी घातली. पण विष उतरेपर्यंत तिला व्हेंटिलेटर हवा होता आणि तो नाशिकला. इकडे एक बाळंतीण अडलेली, त्यामुळे डॉक्टरांना हलता येईना. "सिस्टर, तुम्ही जा. वाटेत बॅग दाबत राहा," ते म्हणाले. माझ्या हातांवर विश्वास ठेवणारा तो जगातला एकमेव माणूस असावा. सुमनचा नवरा आणि सासू द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे गेलेले, सोबत फक्त बावरलेले शेजारी. तेवढ्यात ओपीडीच्या बाकावर गुडघ्याच्या गोळ्यांसाठी बसलेली एक अनोळखी आजी उठली आणि कुणाला न विचारता अँब्युलन्समध्ये चढली. "पोरीसंगं बाईमाणूस नको का कुणी?" एवढंच म्हणाली.

पहिल्या दहा मिनिटांतच मॅडमचा शब्द खरा ठरला. माझा हात भराभर चालायला लागला. सुमनची छाती फुगलेलीच राहू लागली, यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा घसरायला लागला. सोडायचं हे ठाऊक होतं, पण सोडवत नव्हतं. वाटायचं, मी क्षणभर थांबले की ही गेली. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"बाई, गडावर जातीस का?" आजीनं विचारलं. मी वैतागून मान हलवली. ही काय विचारायची वेळ?

"मंग पायरीला कुंकू लावनाऱ्या बाया बघितल्या असशील. वाकायचं, बोट टेकवायचं, हात जोडायचं, उठायचं, मंग फुडली पायरी. पळत नाय लावत कुनी कुंकू. तसं दाब."

माझ्या अंगावर काटा आला. नवसाचं मी घरीसुद्धा कुणाला बोलले नव्हते.

"एक," आजी म्हणाली. मी दाबलं. मग मनातल्या मनात वाकले, बोट टेकवलं, हात जोडले, उठले. तेवढ्यात पिशवी आपली आपण फुगली होती. "दोन," आजी म्हणाली. चाळीस-पन्नास पायऱ्या झाल्या आणि आकडा हळूहळू वर सरकू लागला. मण्यार चावलेल्या माणसाचे डोळे मिटले तरी कान जागे असू शकतात, हे मॅडमनी शिकवलं होतं. म्हणून मीही मोठ्यानं मोजायला लागले. "सुमन, भिऊ नको, चढतोय आपण." पाचशेच्या वर पायऱ्या झाल्यावर आजीनं पुन्हा "एक" म्हटलं.

"अहो आजी, वर पोचलो की आपण!"

"मंग उतर आन् परत चढ. नाशिक कुठं आलंय?" ड्रायव्हर खो खो हसला. घाबरून पांढरी पडलेली मी, मीसुद्धा हसले. वणीजवळ आजी खिडकीकडे बघून हात जोडत म्हणाली, "गड दिसाया लागला. तू नको बघू. तू दाब." मी बघितलं नाही. इतकी वर्षं त्या रस्त्यानं जाते, पण गड इतका जवळ कधीच वाटला नव्हता.

सुमनला नाशिकच्या डॉक्टरांच्या हवाली करून बाहेर आले तर आजी निघून गेलेली. कुणी म्हणेल, आईच येऊन गेली. मीही तसंच म्हणत होते, पण पंधरा दिवसांनी आजी पुन्हा आमच्या ओपीडीच्या बाकावर! माझा नवस कसा कळला, असं विचारलं तर म्हणाली, "कसला नवस? मला घाटात वांती व्हते. तोंड चालू ठेवलं का नाय व्हत. आन् गडावर मी त्या रुळावरच्या ट्रॉलीनं जाते, माझं गुडघं कुठं ऐकत्यात!" मला हसू आवरेना. हसता हसताच मी तिथे रांगेत वाकून तिच्या पाया पडले.

तिसऱ्या प्रात्यक्षिकात मी पास झाले. मॅडमनी विचारलं, "आज कशावर मोजलंत?" मी म्हटलं, "पायऱ्यांवर." अर्ज मी फाडून टाकला. अँब्युलन्समधल्या त्या सकाळपासून मला एवढंच कळलंय की दाबणं माझ्या हाती आहे. पुढचा श्वास परत येणं माझ्या हाती नाही आणि त्याची मला आता भीती वाटत नाही. इतकी वर्षं मी आईवर भरवसा आहे असं नुसतं म्हणत होते.

सुमनची नळी चौथ्या दिवशी निघाली, तेव्हा मी तिला भेटायला गेले होते. घोगऱ्या आवाजात तिनं पहिलं काय विचारलं असेल? "बाई, तिसऱ्या येळेला आपुन तीनशे चाळीसलाच का थांबलो?" पोरीनं सगळं ऐकलं होतं, मोजलंही होतं. राहिलेलं चढायला आम्ही दोघी गेल्या महिन्यात गडावर गेलो. आजी ट्रॉलीनं वर जाऊन बसली. मी पुडी सोडली, पहिल्या पायरीला बोट टेकवलं आणि सवयीनं हात घाईघाईनं दुसरीकडे नेला. मागून सुमन म्हणाली, "बाई, दमानं. श्वास घिऊ द्या की."