थोरलीचा सदरा

आमच्या एबा भागातल्या बायका म्हणत, लेक असावी तर मित्सुएसारखी. दर महिन्याच्या सहा तारखेला म्हाताऱ्या आईला ट्रामने संग्रहालयात नेते, थोरल्या बहिणीला भेटवून आणते. कालवं फोडायच्या कामाला त्या दिवशी खाडा करते, पण आईचा नेम चुकवत नाही.

थोरली म्हणजे हारुयो. अणुबाँब पडला त्या सकाळी ती शाळेतल्या मुलींबरोबर, हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडायच्या कामावर होती. संध्याकाळी कशीबशी घरी पोचली आणि दुसऱ्या दिवशी गेली. तिच्या अंगावरून उतरवलेला सदरा आईने बरीच वर्षं जपला आणि मग संग्रहालयाला दिला. काचेखाली तो पसरून ठेवला होता. शेजारच्या पाटीवर हारुयोचं नाव आणि वय होतं.

आई काचेसमोर उभी राहून हळूच म्हणे, "आले गं मी." मित्सुए तिची छत्री आणि पिशवी धरून मागे उभी असे. पिशवीत हारुयोसाठी आणलेलं संत्रं असायचं. आत काही ठेवायची परवानगी नव्हती. परतताना ट्रामच्या थांब्यावर आई तेच संत्रं मित्सुएपुढे करी. "घे. ताईचं राहिलंय."

मित्सुए ते सोलून खाई. लहानपणी ताईचे कपडे तिला येत, चपला येत, आणि आता संत्रंही. ताईला सुरकुती पडली नाही, तिने आईला कधी उलट उत्तर दिलं नाही, नवरा सोडून ती माहेरी परतली नाही. हे सगळं मित्सुएने केलं होतं. काचेकडे बघताना आईच्या चेहऱ्यावर जे येई, ते एकदा, फक्त एकदा, आपल्याकडे बघताना यावं, एवढंच तिला हवं होतं. ते मागावं कसं, हे तिला कळत नव्हतं.

एके वर्षी संग्रहालयातली एक तरुण कर्मचारी घरी आली. उजेडाने कापड विरू लागलंय, सदरा आता अंधाऱ्या कपाटात ठेवावा लागेल, असं तिने अदबीने सांगितलं. मित्सुएने पाहुणीला बार्लीचा चहा दिला, दारापर्यंत पोचवलं आणि कुंपणापलीकडच्या नोमाबाईंना म्हणाली, "थोरली निवृत्त झाली!" तिच्या स्वरातला आनंद नोमाबाईंना चमत्कारिक वाटला.

आईने एकच मागणं केलं, ठेवण्यापूर्वी एकदा काचेशिवाय बघू द्या. संग्रहालयाने ते मान्य केलं.

मागच्या खोलीत, पांढऱ्या कागदावर सदरा ठेवला होता. हात लावायची मनाई होती. हातमोजे घातलेल्या त्या कर्मचारी मुलीने तो अलगद उलटा केला. पाठ करपलेली होती. काखेजवळचा भाग मात्र अंगाच्या आडोशाने वाचला होता, आणि तिथे काळ्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके होते.

"दुरुस्ती कुणी केली असेल?" मुलीने विचारलं.

"मी नाही," आई लगेच म्हणाली. तिच्या शिवणाचा तिला अभिमान होता. मग मित्सुएकडे वळली. "तुझे आहेत ते. मी कारखान्यातून यायच्या आत शिवून ठेवलंस. पांढरा दोरा नव्हता घरात."

मित्सुएला काही आठवत नव्हतं.

"माकडाने शिवलंय म्हणून ओरडले होते तुला. रडलीस. सवड मिळाली की उसवून नीट घालणार होते मी." आई पुन्हा टाक्यांकडे वळली. "काचेतून ही बाजू दिसायची नाही. टाके कुठे असतील, ते मात्र मला ठाऊक होतं."

सदऱ्याला हात लावता येत नव्हता. म्हणून आईने मित्सुएचा हात धरला, कालवांच्या शिंपल्यांनी चिरलेली बोटं एकेक करून पाहिली, आणि मग वर तिच्या तोंडाकडे पाहिलं.

त्या दिवशी थांब्यावर संत्रं सोललं आईने. अर्धं स्वतः खाल्लं.

ही हकिकत मित्सुएनेच नोमाबाईंना सांगितली. नोमाबाईंनी डोळ्यांना टॉवेल लावला. "बघ, म्हणजे इतकी वर्षं आई तुलाही भेटायला जात होती. आता तरी समाधान झालं ना गं?"

"समाधान कसलं?" मित्सुए म्हणाली. "टाके माझे, आणि पाटीवर नाव ताईचं!"