पाखऱ्याचा पट्टा

फारुख चामड्यावर छपाई करायचा आणि दुपारी दोननंतर जागेपणी स्वप्नं पाहायचा. दूध बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्याच्या दुकानाला लागून, त्यामुळे ही दोन्ही कामं मला रोज दिसत. रंगाचा डबा उघडा टाकून तो समोरच्या भिंतीकडे बघत बसे. "कुठे पोचलास?" मी विचारी. "गोदावरीवर," तो म्हणे. पाण्यात बैल उभे आहेत, प्रत्येकाच्या गळ्यात त्यानं छापलेला पट्टा आहे, आणि पट्ट्यांवरचे मोर, वेली, नावं पाण्यात निळी-लाल हलताहेत. "पण रंग उतरत नाही बरं का," हे तो मुद्दाम सांगे.

खऱ्या पाण्यात मात्र उतरायचा. १९९३ च्या पोळ्याला सायखेड्याच्या शकुबाईनं आपल्या बैलासाठी पट्टा छापून नेला. निळ्या रंगावर पिवळ्या अक्षरांत 'पाखऱ्या', दोन्ही बाजूंना मोर. नवरा गेल्यावर तिनं शेती सांभाळली ती या बैलाच्या जोरावर, म्हणून नावाची हौस. सणाच्या दुसऱ्या दिवशी ती पट्टा घेऊन दुकानात हजर. नदीवर बैल धुतला तसं नावही धुऊन गेलं होतं.

"समद्या बैलांची नावं लोकांनी वाचली," ती म्हणाली, "माझा पाखऱ्या बिननावाचा फिरला."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसती पट्ट्यावरून हात फिरवत राहिली. फारुखला ते फार लागलं. आणि उचलली जीभ, लावली टाळ्याला. "ताई, पुढच्या पोळ्याला असा रंग देतो, बैलापेक्षा जास्त टिकेल."

शकुबाईचा चेहरा उतरला. "असं बोलू नाय, भाऊ," एवढं म्हणून ती उठून गेली.

त्यानंतर वर्षभर तो झपाटल्यासारखा होता. चामड्याचं तेल आणि चकाकी आधी पुसून काढायची, मग जाळीच्या चौकटीतून रंगाचा पातळ हात द्यायचा, सावलीत वाळवायचा, पुन्हा हात द्यायचा, शेवटी कागद ठेवून इस्त्री फिरवायची. वाळलेला तुकडा तो बोटाभोवती दोनशे वेळा वाकवी आणि थिनरच्या चिंधीनं घासून बघे. एका दुपारी त्यानं चिंधी माझ्यापुढे नाचवली. ती पांढरीच होती. त्याला इतकं खूश मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पाखऱ्याचा पट्टा त्यानं नव्यानं छापून दिला. पुढे बारा पोळे गेले. सायखेड्याचं कुणी बाजारात आलं की फारुख आधी रंगाची चौकशी करी, मग माणसांची.

२००६ च्या श्रावणात शकुबाई आली. केस पिकलेले, हातात तोच पट्टा. मोर कालच छापल्यासारखे.

"पाखऱ्या गेला उन्हाळ्यात," ती म्हणाली. "नवा बैल आणलाय, चांद्या. पट्टा चांगला हाय, पण एकाचं नाव दुसऱ्याच्या गळ्यात कसं घालू? तेवढं पुसून द्या."

फारुखनं थिनर घेतलं आणि घासायला लागला. बराच वेळ घासलं. चिंधी पांढरीच राहिली. तो मान वर करेना.

"माझीच जीभ वाईट, ताई," तो म्हणाला.

"तुमच्या जिभेनं नाय मेला तो. म्हातारा झाला व्हता."

मला घड्याळात डोकं घालून बसावंसं वाटलं, पण नजर हटेना. फारुखनं पट्टा उलटा केला. आतली बाजू खरखरीत, तिथे रंग नीट धरत नाही, हे तो गिऱ्हाइकांना शंभरदा सांगे. आज त्यानं तीच बाजू निवडली.

"पाखऱ्या आत राहील, मानेला लागून," तो म्हणाला. "चांद्या बाहेर. चालेल?"

शकुबाईनं थोडा विचार केला आणि मान हलवली. त्यानं चौकट ठेवून पिवळा रंग ओढला. अक्षरांच्या कडा फुटल्या, तरी नाव वाचता येत होतं.

"किती टिकंल?" तिनं विचारलं.

बारा वर्षं या प्रश्नाला त्याचं उत्तर तोंडपाठ होतं. तो क्षणभर समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

"बैलाच्या कितीतरी आधी जाईल, ताई. दर पोळ्याला घेऊन या, मी परत छापीन."

"यीन," शकुबाई म्हणाली, आणि पट्टा वाळेपर्यंत दुकानातच बसून राहिली.