खोल पाण्यात गेलेली चमकीची माळ

भिमाजीकाकांनी चाकणजवळच्या आपल्या गावातल्या विहिरीपेक्षा खोल पाणी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. भोसरीतल्या वर्कशॉपात लेथ चालवणं, संध्याकाळी गाडीवर टांग मारून घरी जाणं, एवढंच. आणि हाच माणूस आता भर समुद्रात जहाजावर, डोळे स्क्रीनला चिकटलेत.

कारण खोल समुद्रात सोडायच्या कॅमेऱ्याचा स्टीलचा डबा काकांनी बनवला होता, आणि आज त्याची पहिली चाचणी होती. निघताना मालक शेखरभाऊ म्हणाले होते, "काका, डब्यात थेंब जरी शिरला ना, तर पुढची ऑर्डर गेली. मग आपण दोघं मिळून वडापावची गाडी टाकू. तळायचं तुम्ही."

काका हसले नव्हते.

भोसरीत नवीन माल दाराबाहेर पडला की त्याला कुंकू लावतात, चमकीची माळ घालतात. उघडाबोडका कसा पाठवायचा? म्हणून डबा पाण्यात सोडायच्या आधी काकांनी इकडंतिकडं बघितलं आणि खिशातली माळ गपचूप त्याच्या हुकाला गुंडाळली.

डबा खाली खाली गेला. नुसता काळोख. मग आतून दिवे लागल्यासारखं काहीतरी पारदर्शक तरंगत गेलं, मग एक मासा आला, सगळे दातच दात.

"काका, श्वास घ्या," चाचणीच्या प्रमुख चित्रा मॅडम म्हणाल्या. "तुम्ही वरच आहात." मग त्या पुढं वाकल्या. "कडेला काय चमकतंय ते?"

काकांनी रिकामा खिसा चाचपला.

तेवढ्यात काळोखातून एक हात आला. मग दुसरा. मग किती ते कळेचना, लांबच लांब, चकत्या चकत्यांचे, आणि त्यांच्यामागं वाटीएवढा एक डोळा, तो सरळ काकांकडंच बघत होता. स्क्रीन गदागदा हलली आणि काळी झाली.

"पाणी शिरलं," काका म्हणाले आणि खालीच बसले.

डबा वर आला. काकांनी झाकण उघडलं, आत बोट फिरवलं. कोरडं ठणठणीत. कॅमेराही चालू होता, त्या जनावरानं डब्याच्या काचेलाच मिठी मारली होती, म्हणून काळं दिसलं. बाहेर स्टीलवर बांगड्यांसारखे गोल ठसे. माळेचा फक्त दोरा उरला होता.

"मोठा स्क्विड होता. आपल्या कोकणातल्या माकूळ मासळीचा लांबचा भाऊ," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी दोरा उचलला. "हे तुम्ही बांधलंत?"

"व्हय मॅडम."

"डब्याला पाण्यात ढकलणाऱ्या पंख्यात अडकलं असतं तर कॅमेरा तळालाच राहिला असता, कळतंय का?" त्या चिडल्या होत्या, पण त्यांना हसूही येत होतं. "त्याला चमकणारा मासा वाटला असणार. खायला आलं बिचारं."

डबा कोरडा निघाला म्हणून जहाजावरची पोरं टाळ्या पिटत होती. काका त्या दोऱ्याकडं बघतच राहिले.

"मग गिळली असंल का वं त्यानं?"

मॅडमनी दोरा त्यांच्या हातात ठेवला.

ऑर्डर मिळाली. पुढचा डबा तयार झाला, तेव्हा शेखरभाऊ स्वतः माळ घेऊन आले. "बांधा काका, लकी आहे."

काकांनी डब्याला कुंकू लावलं. माळ मात्र आपल्या लेथला अडकवली.

"हिला हितंच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "खाली कुणीतरी उपाशी हाय."