माहेरचं बेट

कॉलेजच्या सहलीत मी पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि घरी आल्यावर आठवडाभर दुसरं काही बोलले नाही. मेहरूणच्या तलावाला अथांग समजून जळगावात वाढलेली मुलगी मी, दुसरं काय होणार! आई भाजी निवडता निवडता ऐकायची. एका संध्याकाळी तिनं मधेच विचारलं, "समुद्राची वाळू आपल्या बेटासारखीच असते का गं?"

"कोणतं बेट?"

"माझ्या माहेरचं. तापीतलं."

"ते कसं आहे?"

"मला काय ठाऊक? मी कुठे गेलेय तिथं."

मला वाटलं ती थट्टा करतेय. तिचं माहेर तापीच्या काठावर. अंगण उतरलं की नदी आणि नदीच्या मधोमध ते बेट. पावसाळ्यात बुडायचं, दिवाळीनंतर पाणी ओसरलं की पुन्हा वर यायचं. घर नाही, देऊळ नाही, पायवाट नाही. नुसती वाळू आणि एका टोकाला झाऊची झुडपं. थंडीत गावातले पुरुष तिथं भरीत करायला जात. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायची आणि बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचायची, हे काम आमच्याकडे पुरुषांचं, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! पुऱ्या तेवढ्या घरून जायच्या. लहानपणी आई त्या आजीबरोबर लाटायची, लग्नानंतर माहेरी गेली की तळायची. इतक्या वर्षांत पुऱ्या बेटावर गेल्या, ती नाही गेली.

मला भयंकर राग आला. तेव्हा मला राग फार पटकन यायचा आणि तो आला की आपण कोणाचं तरी भलं करतोय असंही वाटायचं. "या माघात तू बेटावर जायचं," मी जाहीर करून टाकलं. आई "बघू" म्हणाली, पण त्या दिवशी तिनं चहात साखर दोनदा घातली.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. त्यांना सहल कळली आणि तिथून ती आमच्या हातातून गेली. कचेरीतून आल्यावर ते कागद-पेन्सिल घेऊन बसायचे. मामाला पोस्टकार्ड गेलं, त्याचं उत्तर आलं, तारीख ठरली, अमावास्या निघाली, तारीख बदलली. मग शेजारचे दोघे येतो म्हणाले, आत्या मुलांसकट तयार झाली. मी भांडून एक गोष्ट कबूल करून घेतली, की आई घरून काही करून नेणार नाही. मामीकडच्या भाकरी घेऊ. नाना पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "भरीत? पुरीशिवाय?" आमच्या घरात वीज गेली तरी एवढी शांतता होत नसे. शेवटी आईच म्हणाली, "मी मामीकडे सकाळी तळून घेईन. तेवढ्यानं काय होतं."

तिची स्वतःची अट एकच होती. बेटावर काही टाकून यायचं नाही, पत्रावळीसुद्धा परत आणायच्या. नाना म्हणाले, पावसाळ्यात नदी सगळं धुऊन नेते. आई म्हणाली, "नेऊ दे. आपण टाकायचं नाही." न पाहिलेल्या जागेची तिला एवढी काळजी होती.

यादी पूर्ण झाली तेव्हा मी ती वाचली. वांगी, मिरच्या, लसूण, कांद्याची पात, सतरंज्या, चौदा माणसं. पुऱ्या होत्या. आई नव्हती.

"अगं, ती असणारच की," नाना म्हणाले. "तिला कशाला लिहायचं?"

मी पेन्सिल ओढून घेतली आणि सगळ्यात वर 'आई' असं लिहिलं. केवढा मोठा पराक्रम केला असं मला वाटलं.

आदल्या दिवशी आम्ही मामाकडे पोचलो. सकाळी अंगणातल्या चुलीवर पुऱ्यांचा घाणा सुरू झाला. गावचा डोंगा लहान, पाचसहा माणसांचा. पहिल्या खेपेला पुरुष, वांगी आणि काड्या गेल्या, कारण जाळ आधी पेटायला हवा. दुसऱ्या खेपेला आत्या, मुलं आणि मी. "तू हो पुढे, मी शेवटच्या घाण्याचं बघून आलेच," आई म्हणाली, आणि मी डोंग्यात उडी मारली. बेटावर पाय ठेवला मात्र, मी सगळं विसरले. वाळू गार होती आणि तिच्यावर फक्त पाखरांच्या पायांच्या रेघा होत्या. तिसऱ्या खेपेला मामी आणि शेजारी आले. भरीत तयार झालं. मुलं रडकुंडीला आली. आई पलीकडच्या काठावर डबा घेऊन उभी दिसत होती. मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "आई, पुऱ्या पाठव गं आधी!"

पाण्यावरून बोलणं स्पष्ट ऐकू येतं. नावाडी काठाशी डोंगा लावत होता. त्यात पाण्याचे हंडे आणि सतरंज्या चढवल्यावर जागा फारशी उरली नाही. तो म्हणाला, "डबा दे अक्का, तठे बठ्ठा भुक्या शेतस. तुले मांगतीन लई जास." म्हणजे इकडे सगळे भुकेले, म्हणून डबा आधी आणि ती मागच्या खेपेला.

आई जळगावात कधी अहिराणी बोलत नसे. तिनं डबा छातीशी धरला आणि म्हणाली, "पुऱ्या मन्हासंगे येतीन. एकल्या नही."

नावाड्यानं सतरंज्या उतरवल्या. ती डबा मांडीवर घेऊन आली, उतरली आणि डबा सरळ माझ्या हातात दिला. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं चपला काढल्या. "आधी जेवून तर घे," नाना म्हणाले. "तुम्ही बसा," म्हणून ती झाऊच्या झुडपांकडे चालत निघाली. कोणी वाढायला घेईना. भरीत गार होत होतं आणि पहिल्यांदाच त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

थोड्या वेळानं मी तिच्या मागे गेले. ती टोकाशी गावाकडे तोंड करून उभी होती.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. बोटानं पलीकडचा काठ दाखवत म्हणाली, "इथून आपलं अंगण दिसतं गं. चूलसुद्धा दिसते. मला वाटायचं, लांब आहे, दिसत नसेल कोणाला."